ग्लासावरचं तुळशीचं पान

थांबा. टाळ थांबू द्या. पखवाजवाले, तुम्हीही जरा हात मांडीवर ठेवा. नामाचा गजर झाला, गळे मोकळे झाले, मागच्या रांगेतल्यांची झोपही मोडली. आता एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. चुकला तर कोणाला बाकावर उभं करणार नाही!

प्रश्न असा, की एखाद्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं, तर ती वस्तू देवाची होते, का नाही?

होते म्हणता? माउल्या तर एका सुरात म्हणाल्या. बरं! भातावर पान ठेवलं, भात देवाचा. शिऱ्यावर ठेवलं, शिरा देवाचा. आणि मंडळी, एखाद्यानं पान ठेवलं दारूवर — तर?

आता का गप्प? आत्ता तर एवढ्या जोरात होते म्हणालात! ते पुढे बसलेले आजोबा माझ्याकडे असे बघतायत, की महाराजांनी वाटेत कुठं थांबा घेतला की काय. नाही हो आजोबा! मी चहा घेऊन आलोय, तोही बिनसाखरेचा. पण हा प्रश्न मी काढलेला नाही. तो एका सरळ माणसाच्या घरात खरोखर उभा राहिला, आणि त्या माणसाची मती अशी गुंग झाली, की त्याला उजवा हात कोणता आणि डावा कोणता तेही कळेना. त्याचंच आख्यान आज लावतो. ऐका.

कादवा नदीच्या काठी एक गाव. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तुम्ही मोटारसायकली काढून बघायला जाल. तिथं कारभारी तात्या नावाचे माळकरी. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. व्यसन एकच, तपकीर! चिमूट ओढून ओढून नाकाचं दार असं बंद झालेलं, की स्वयंपाकघरात दूध करपलं तरी तात्या शेजारच्या खोलीत बसून म्हणायचे, आज उदबत्ती चांगली आहे हं.

हसू नका. ते नाक पुढे कामाला येणार आहे.

तर तात्यांचे वडील दारूनं गेले. हातभट्टीच्या. तेराव्याच्या दिवशी आईनं तात्यांना देवघरासमोर उभं केलं आणि शब्द घेतला, की या घराच्या उंबऱ्याच्या आत दारू येणार नाही. तात्यांनी शब्द दिला, दुसऱ्या दिवशी माळ घातली. आई गेली, पण शब्द राहिला. इथपर्यंत सगळं कसं स्वच्छ आहे.

पण तात्यांचा बाग होता वाइनच्या द्राक्षांचा! आलं का लक्षात? बारीक मणी, जाड साल, आत बियाच बिया. खायला गंमत नाही. ती द्राक्षं एकाच कामाची. ट्रॉली भरायची, वाइनरीच्या गेटात रिकामी करायची. कोणी विचारलं, तात्या, माळकरी माणूस तुम्ही, हे कसं? तर तात्या शांतपणे म्हणायचे, मी द्राक्षं देतो बाबा, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. म्हणजे उंबऱ्याबाहेर गेलं ते द्राक्ष, आणि उंबऱ्याच्या आत आली तर दारू. काय उंबरा आहे! एवढा हुशार उंबरा मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिला नाही. नाही, पाहिलाय. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या घरी आहे. पण ते शेवटी बघू.

ती ट्रॉली ओढायचा लहानू. तात्यांच्या भजनी मंडळातला पखवाजी, स्वतःचा ट्रॅक्टर असलेला माणूस. आणि हा लहानू एके काळी असा पिणारा होता, की बायको माहेरी गेली ती परत यायला तयार नव्हती, आणि पखवाजाला कणीक लावायची तर आधी हाताची थरथर थांबायची वाट बघावी लागे. तात्यांनीच त्याला उचललं. कितीदा तरी फाट्यावरच्या देशी दुकानातून हाताला धरून आणलं, अंगणात झोपवलं, सकाळी ताक पाजलं. शेवटी एका एकादशीला स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात माळ घातली. त्या दिवसापासून लहानू सुटला. बायको आली, पोरं बापाजवळ बसायला लागली. लहानूला विचारलं, तुझा देव कुठाय, तर तो वर बोट करायचा नाही, तात्यांच्या घराकडे करायचा.

आता या घरात तिसरं माणूस येतं, ते म्हणजे तात्यांची सून, वृषाली. गुणी पोर. तात्यांच्या चहात आलं किती आणि सासूबाईंच्या चहात किती, हे तिला न विचारता माहीत. झालं काय, की ज्या वाइनरीला तात्यांचा माल जायचा, त्यांनी एक योजना काढली. शहरातून पाहुणे येतात, त्यांना बागायतदाराच्या घरी जेवायला न्यायचं, आणि वेगवेगळ्या वाइनमध्ये घरच्या घरी फळं, मसाले घालून पेयं कशी करायची, ते दाखवायचं. त्यासाठी एक घर निवडायचं होतं. वाइनरीच्या बाई बघायला येणार होत्या. वृषालीचा जीव त्यात अडकला. तिला स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. नवऱ्याला, तुषारला, तिनं सांगितलं. तुषार म्हणाला, कर. पण तात्यांना सांगू नकोस. बाई दुपारी येतील, उन्हं कलायच्या आत जातील, ग्लास धुऊन ठेवले की झालं.

ग्लास धुऊन ठेवले की झालं! मंडळी, जगातली निम्मी भानगड या वाक्यानं सुरू होते.

आणि दिवस कोणता मिळाला? माघातली बारस. आदल्या दिवशी एकादशी झालेली, आज तात्यांच्या घरी भजनी मंडळाचं पारणं. सकाळी भजन, मग नैवेद्य, तीर्थ, मग जेवण. आणि त्याच स्वयंपाकघरात मागच्या ओट्यावर वृषालीची तयारी.

काय काय केलं पोरीनं, सांगू? लाल वाइन तुरट, अंगानं भारी. तिला संत्र्याच्या फोडी, सफरचंदाचे तुकडे, दालचिनीची काडी आणि थोडी खडीसाखर घालून रात्रभर फ्रिजमध्ये मुरत ठेवलं. तिला म्हणे सँग्रिया म्हणतात. पांढरी आंबटसर, हलकी. तिच्यात गार सोडा आणि लिंबाची चकती, बास. गुलाबी वाइन बुजरी. तिला फार काही लावलं की तिचा रंग आणि चव दोन्ही पळतात, म्हणून कलिंगडाच्या रसाचे बर्फाचे खडे तेवढे सोडायचे. फेसाळ वाइन सगळ्यात शेवटी उघडायची, ग्लासात आधी पेरूचा रस घालून वरून अलगद ओतायची, चमचा लावायचा नाही. ढवळली की फेस मोडला, फेस मोडला की ती रुसली! आणि जेवणानंतरची ती दाट, गोड वाइन. तिला आल्याचा रस आणि लिंबू, म्हणजे गोडपणा डोक्यावर बसत नाही.

पाच सुना एका घरात आल्या की कसं असतं? एकीला बोलकी जाऊ लागते, एकीला एकटं सोडावं लागतं, एकीला शेवटी हाक मारावी लागते. तसंच हे. माउल्या मान डोलवतायत बघा! आणि ते कोपऱ्यातले पाव्हणे मला विचारतायत, महाराज, तुम्हाला एवढं कसं माहीत? अरे बाबा, विचारून घेतलं! आख्यान लावायचं तर विचारावं लागतं. विचारलं, चाखलं नाही. नोंद घ्या.

आता पान कुठून आलं ते ऐका. वृषालीनं मोबाइलवर पाहिलं होतं, की लाल वाइनच्या ग्लासावर बेसिल नावाचं पान ठेवतात. दिसायला छान, वासाला छान. हे बेसिल म्हणजे कोण? आपल्या तुळशीची परदेशातली चुलत बहीण! ते गावात कुठं मिळणार? पुदिना आणायला सांगितला होता, तो तुषार विसरला. पोरीची नजर गेली देवघरातल्या वाटीकडे.

ती वाटी कसली? जाणत्यांना माहीत आहे. बारशीला तुळस खुडत नाहीत. म्हणून तात्या दशमीलाच पानं खुडून, ओल्या फडक्याखाली वाटीत झाकून ठेवायचे. वृषालीनं त्यातली मोजकी पानं उचलली, एक नमुन्याचा ग्लास सजवला, त्यावर पान ठेवलं, लांबून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. दिसलं सुंदर. तेवढ्यात बाहेरून मथुराबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हाक मारली, की अंगणात जेवणाची पानं मांडायला ये. ग्लास तिथंच राहिला, आणि पोर गेली.

आणि मंडळी, तात्या नैवेद्य घ्यायला स्वयंपाकघरात आले.

देवघरातली वाटी आधीच बघितली होती, पानं कमी होती. म्हणजे कोणीतरी नैवेद्यावर पान ठेवून तयारी केली असणार! इकडे बघतात, भाताचं ताट मांडलेलं, त्याच्यावर अजून पान नाही. तिकडे बघतात, काचेचा ग्लास, आत माणकासारखा लाल रस, वर तुळशीचं पान. ज्याच्यावर पान तो नैवेद्य. हे तात्यांनी आयुष्यभर पाळलेलं गणित. दुसरं त्यांच्या डोक्यात येणार कुठून?

आणि मग काय झालं, ते ऐका. तात्यांना वाटलं, मथुरानं यंदाच्या द्राक्षांचा रस काढला. आपल्या बागेचा माल खाण्याजोगा नाही, म्हणून इतकी वर्षं तो देवापुढे कधी ठेवता आला नाही. शेजारचे लोक पहिला घड देवाला वाहायचे, तात्या नुसते बघायचे. बोलायचे नाहीत, पण सल होता. आज बायकोनं तो सल न सांगता ओळखला! तात्यांचे डोळे भरले. ग्लास दोन्ही हातांत धरला, देवापुढे पाण्याचं चौकोनी मंडल केलं, त्यावर ठेवला, डोळे मिटले, घंटा वाजवली. वास? वास कुठला! नाकाचं दार बंद!

मग फोडी बाजूला सारून तो रस तीर्थाच्या भांड्यात ओतला आणि पळी घेऊन बाहेर आले. आधी स्वतः घेतलं. तुरट लागलं, गोड लागलं, मागून जरा गरम लागलं. दालचिनी, तात्या म्हणाले. मग भिवसेनआण्णा विणेकऱ्यांच्या ओंजळीत एक पळी. आण्णांनी डोळे मिटून घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, तात्या, तीर्थ फार गोड झालंय, कशाचं? तात्या अभिमानानं म्हणाले, घरच्या द्राक्षांचं. आण्णा म्हणाले, दरवर्षी करत जा. करत जा म्हणे!

मग पळी गेली लहानूच्या ओंजळीत.

लहानूनं घेतलं. आणि तो हलला नाही. पखवाजावर हात ठेवून तसाच बसला. तात्या पुढे निघाले, तर त्यानं पुन्हा ओंजळ पुढे केली. तात्यांना वाटलं, काय भक्ती आहे! दुसरी पळी दिली. ती घेतल्यावर मात्र लहानू उठला, पखवाजाला गवसणी घातली नाही, कोणाकडे बघितलं नाही, चपला घातल्या आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. पारण्याच्या घरून न जेवता! तात्यांना वाटलं, काही विसरला असेल, येईल.

तेवढ्यात आत वृषालीची किंकाळी. किंकाळी नाही, ती तर ओरडलीसुद्धा नाही. ती रिकामा ग्लास हातात घेऊन दारात उभी राहिली, पांढरीफटक. विचारलं, यातलं कुठं गेलं? तात्या म्हणाले, देवाला दाखवलं, तीर्थ दिलं. आणि पोरीनं तिथंच खाली बसून सगळं सांगितलं. वाइन, बाई, बेसिल, वाटी, सगळं. लपवायला आता उरलंच काय होतं?

मंडळी, त्या क्षणी तात्यांचं जे झालं, ते मला नीट सांगता येत नाही. रागवावं, तर कोणावर? सुनेनं वाइन घरात आणली, पण देवापुढे कोणी ठेवली? स्वतः तात्यांनी. आपण प्यायलो का? प्यायलो. पण तीर्थ म्हणून प्यायलो. तीर्थ म्हणून प्यायलेली दारू, दारू असते का? देवाला दाखवली म्हणजे आता प्रसाद झाली. प्रसाद टाकता येत नाही. दारू ठेवता येत नाही. भांड्यात उरलंय त्याचं करायचं काय? प्यावं तर माळ जाते, ओतावं तर प्रसादाचा अपमान. आणि माळ? ती गेली का आधीच? उंबरा? तो तर केव्हाच मोडला. पण देवानंसुद्धा घेतलंच ना! देवाच्या गळ्यातही तुळशीचीच माळ आहे. माझी गेली असेल, तर देवाची गेली का? आणि देवाची राहिली असेल, तर माझी का जावी?

तुम्ही हसताय, पण उत्तर सांगा! आहे कोणाकडे? त्या आजोबांकडे? नाही. माझ्याकडे तर मुळीच नाही. तात्या देवघरासमोर उभे, एक हात माळेवर, दुसऱ्या हातात तीर्थाचं भांडं, आणि डोक्यात भोवरा. आण्णा विणा मांडीवर घेऊन म्हणतात, अज्ञानात घडलं त्याला दोष नाही. मागून कोणी म्हणतं, गोमूत्र शिंपडा. तुषार म्हणतो, चूक माझी. जो तो आपापलं बोलतोय, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तात्यांचा गोंधळ वाढतोय.

तेव्हा बोलल्या त्या मथुराबाई. पोळीचं पीठ हाताला तसंच. त्या म्हणाल्या, "तुमच्या माळेचं मागनं बघू. लहानूभाऊ न जेवता गेलेत, ते कोणी बघितलं का?"

 तात्यांच्या हातातलं भांडं खाली टेकलं. त्या एवढ्या गोंधळात, एवढ्या शास्त्रार्थात, लहानू कोणाच्या ध्यानातच नव्हता. दोन पळ्या! ज्याला फाट्यावरून ओढून आणलं, त्याच्याच ओंजळीत आपल्या हातानं दोन पळ्या घातल्या. तात्या अनवाणी पळाले. तुषार गाडी काढतो म्हणाला, ते ऐकायलाही थांबले नाहीत.

फाट्यावर देशीचं दुकान. त्याच्यासमोर, रस्त्याच्या या कडेला, लहानूचा ट्रॅक्टर उभा. इंजिन चालू, धूर निघतोय, आणि लहानू स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला. उतरलेला नाही. तात्या पळत पळत जवळ गेले, दम लागलेला. इंजिन बंद कर म्हणून खूण केली.

लहानू म्हणाला, "नाही करायचो. बंद केलं की उतरंल मी."

तात्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "लहानू, मला माहीत नव्हतं रे."

"मला कळलंय ते. तुमचं तोंड बघूनच कळलं. पहिल्या थेंबाला जिभेनं ओळखलं, तात्या. आणि ओळखल्यावर मी परत हात पुढं केला. ती दुसरी पळी तुमची नाही, माझी."

 ट्रॅक्टर धडधडत होता. मग लहानू जे बोलला, ते मंडळी, कान देऊन ऐका, कारण एवढं सगळं आख्यान मी या चार वाक्यांसाठी लावलंय.

तो म्हणाला, "हे दुकान रोज माझ्या वाटंत असतं. तुमचा माल मी त्या गेटात ओततो, तिथं वास असतो, मी माघारी येतो. मला ठाऊक असतं ना ते काय आहे, म्हणून लढता येतं. पण तुम्ही तुळशीचं पान ठेवून दिलं, तर मी कसा लढू?"

बोला आता! शास्त्र काढा! दारू दुकानात होती, तेव्हा लहानू जिंकत होता. वाइनरीच्या गेटात होती, तेव्हाही जिंकत होता. हरला कुठं? देवघरासमोर!

 तात्यांच्या डोक्यातला भोवरा तिथं जरा थांबला. पोरानं आणि सुनेनं लपवलं, हे खरं. पण लपवावं का लागलं? कारण घरात एक उंबरा होता, आणि त्या उंबऱ्यावर तात्यांनीच पहिलं पान ठेवलं होतं. मी द्राक्षं देतो बाबा, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. ते काय होतं? पानच होतं की! वृषालीनं आज ठेवलं, तात्यांनी बाग लावला त्या दिवशीच ठेवलं होतं.

तात्या ट्रॅक्टरवर चढले, मडगार्डवर बसले. म्हणाले, "चल घरी. मी पण उपाशी आहे. तू जेवल्याशिवाय माझं पारणं सुटत नाही."

लहानूनं गिअर टाकला. म्हणाला, "गाव येईपर्यंत उतरू नका."

तात्या उतरले नाहीत. एक हात लहानूच्या खांद्यावर ठेवून, अनवाणी, बुक्का घामानं ओघळलेला, असे गावातून घरी आले. लोक बघत होते. बघू देत!

घरी वृषाली दारातच होती. लहानूच्या पायाशी वाकायला गेली, तर तो मागं सरकला. म्हणाला, आधी सांग, त्यात काय काय होतं. तिनं सांगितलं. संत्रं, सफरचंद, दालचिनी, खडीसाखर. लहानूनं विचार केला आणि म्हणाला, दालचिनी जास्त झाली. आणि मंडळी, त्या घरात सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग मथुराबाईंनी वाढलं, आणि सगळे जेवले.

आणि ते भांड्यात उरलेलं? वृषालीनं भीत भीत विचारलं, तुळशीत ओतू का? तात्या म्हणाले, तुळशीला आता सोड, तिला पुष्कळ झालं. भांडं घेऊन ते बागेत गेले आणि एका वेलाच्या बुडाशी ओतलं. जिथनं आलं तिथं गेलं. प्रसादही टाकला नाही, दारूही ठेवली नाही. हे बरोबर की चूक? मला विचारू नका, मला अजून कळलेलं नाही.

दुपारी वाइनरीच्या बाई यायच्या होत्या. वृषाली म्हणाली, नको, फोन करून सांगते. तात्या म्हणाले, येऊ दे. मात्र मांडामांड घरात झाली नाही. द्राक्षं भरायची शेड आहे ना, तिथं टेबल लावलं, भर उजेडात, रस्त्यावरून दिसेल असं. लाल, पांढरी, गुलाबी, फेसाळ, गोड, सगळ्या बाटल्या नावासकट उभ्या केल्या. एकाही ग्लासावर तुळशीचं पान नाही. आणि तात्या स्वतः, माळ घालून, बुक्का लावून शेजारी उभे राहिले. बाई बावरल्या. त्यांना वाटलं, हे आता हाकलून देणार. तात्या म्हणाले, "बाई, ही वाइन आहे. माझ्या द्राक्षांची आहे. मी पीत नाही, पण मी तिचा बाप आहे. आजवर कबूल केलं नव्हतं, एवढंच."

मग वृषालीनं दाखवलं, कशात काय घालायचं आणि का घालायचं. फेसाळ शेवटी उघडली. पेरूचा रंग वर चढला, बाई खूश झाल्या. शेवटी वृषालीनं एक स्टीलचा पेला पुढे ठेवला. पेरूचा रस, आलं, लिंबू, सैंधव, दुसरं काही नाही. तिनं सांगितलं, की या घरात वाइन असेल ती काचेत. स्टीलच्या पेल्यात कधीच नाही. जो पीत नाही त्यानं डोळे मिटून पेला उचलावा, त्याला कोणी फसवणार नाही. बाईंनी विचारलं, ही रीत कुठली? ती म्हणाली, आमच्या घरची, आजपासूनची.

घर निवडलं गेलं. पाहुणे येतात. शेडमध्ये येतात, उंबऱ्याच्या आत नाही. आईचा शब्द राहिला म्हणायचा की नाही? कोणी म्हणतं राहिला, कोणी म्हणतं तात्यांनी पुन्हा पळवाट काढली. तात्या स्वतः माझ्याकडे आले होते. बसले, तपकिरीची डबी काढली, परत ठेवली. विचारलं, महाराज, माझी माळ राहिली का गेली? मी खूप विचार केला. पोथ्या डोळ्यासमोर आणल्या. आणि शेवटी सांगितलं, की तात्या, मला कळत नाही. गळ्यात राहू द्या, आणि रोज सकाळी हाच प्रश्न तिला विचारत जा. ज्या दिवशी विचारायचं थांबाल, त्या दिवशी ती नक्की गेली असं समजा.

आता तुमच्याकडे वळतो. निसटू नका, चपला सापडणार नाहीत!

तात्यांनी पान ठेवलं तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत असतं. पोरीच्या लग्नात मागून घेतलं, त्यावर पान ठेवलं, म्हणालो प्रेमानं दिलं. भावाचा बांध कोरला, पान ठेवलं, म्हणालो नांगर सरकला. म्हाताऱ्या आईला मागच्या खोलीत टाकलं, पान ठेवलं, म्हणालो तिला शांतता लागते. घंटा वाजवली, डोळे मिटले, झालं देवाचं! पण मंडळी, देवाला काही होत नाही. त्याच्या गळ्यातली माळ शाबूत आहे. तीर्थ घ्यायला पुढे येणारी जी ओंजळ असते ना, विश्वासानं पुढे आलेली, घात तिचा होतो. घरी जा, आणि आपल्या घरातलं एक पान, एकच, उचलून बघा खाली काय आहे.

मघाशी या आजोबांनी हळूच विचारलं, महाराज, ही गोष्ट खरी कशावरून, आणि अशी दुसऱ्याची गोष्ट चारचौघांत सांगावी का? आजोबा, मी विचारूनच सांगतोय. ज्याची गोष्ट आहे त्याला म्हणालो होतो, नाव बदलतो, गाव बदलतो, पिणं जरा कमी करून सांगतो. तर तो म्हणाला, महाराज, सांगायची तर सगळी सांगा. पण तिच्यावर पान ठेवू नका.

तो इथंच आहे. मघापासून मांडीवर हात ठेवून बसलाय, मीच थांबवला होता.

लहानू, दे थाप. आणि मंडळी, त्याच्यासाठी एकदा मनापासून नाम घ्या — विठ्ठल!